भोंग्याला कल्हई

श्रावणातला शनिवार, न्याहारी आटोपल्यानंतरची वेळ. हजर: थोरले काका, सोप्यात, लोखंडी खुर्चीवर. अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघराच्या दाराआड, डोक्यावर पदर. मी, त्या दोघांच्या मधे, उंबऱ्यात उभी. काकांच्या दुकानातले दोन हमाल, मागच्या दारी, हातगाडा घेऊन. गैरहजर: अण्णा, माझे वडील, पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेलेले. ही हजेरी मी मुद्दाम आधी मांडते. पुढं आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत या प्रकरणाच्या पुष्कळ हकिकती रंगल्या आणि त्या रंगवणाऱ्यांपैकी एकही जण त्या सकाळी आमच्या घरात नव्हता. मी होते, आणि पूर्ण वेळ होते.

लातूरच्या बाजारात आमचं भांड्याचं दुकान होतं, काकांचं आणि अण्णांचं मिळून. काकांचं घर पलीकडच्या गल्लीत, पण सकाळची पूजा आणि चहा आमच्याकडं. गल्ल्यावर काका बसायचे. अण्णा आत, घागरी आणि गंगाळांच्या थप्प्यांमधे. संध्याकाळी दुकान बंद झालं की काका मठात जायचे आणि अण्णा घरी येऊन मागच्या पत्र्याच्या शेडमधे शिरायचे. तिथं त्यांचं खरं राज्य. एक सुताराचा बाक, पटाशा, रंधे, आणि जुन्या शिवणयंत्राच्या सांगाड्यावर बसवलेला लाकूड कातायचा चरक. त्याचा पायटा मी मारायची. आधी पाट, लाटणी, पोळपाट असलं काम व्हायचं. मग एकदा लक्ष्मण मास्तर दुकानात आले. आमच्याच गावात मातंगवाड्यात त्यांचा लग्नाचा बँड होता. त्यांच्या हातात पोचा पडलेलं कॉर्नेट, म्हणजे दट्ट्यांची लहान पितळी तुतारी, होतं, आणि ते विचारत होते की घागरीचा पोचा काढता तसा ह्याचा निघंल का. काका नाही म्हणाले. अण्णांनी ते हातात घेतलं, नळीतून डोळा लावून बघितलं आणि घरी घेऊन आले. तेव्हापासून पाट-लाटणी मागं पडली.

पोचा काढायची अण्णांची रीत अशी. बाभळीचे किंवा चिंचेचे गोळे कातायचे, एकापेक्षा एक किंचित मोठे. सर्वांत लहान गोळा वेताच्या टोकाला बसवून नळीत सारायचा, बाहेरून लाकडी हातोडीनं हलकं ठोकत राहायचं, पितळ वर आलं की पुढचा गोळा. सांधा निखळला असेल तर कथील आणि शिसं मिळून डाख द्यायचा. मग परीक्षा. गंगाळात पाणी भरायचं, बाजा त्यात बुडवायचा, आणि वरून कुणीतरी फुंकायचं. बुडबुडा आला तर सांधा गळतोय. सायकलचं पंक्चर काढतात तसंच. अण्णांना दमा होता, त्यांचा श्वास पुरायचा नाही, म्हणून फुंकायचं काम माझं. सुरुवातीला नुसता वारा निघायचा, मग एकदा भों असा आवाज निघाला आणि शेजारच्या गल्लीतली म्हैस बिथरली. अव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली आणि हसून हसून उंबऱ्यावर बसली. त्या आवाजाची सर आजही कशालाच येत नाही.

काकांना हे मुळीच पसंत नव्हतं. मातंगांनी तोंड लावलेला बाजा आपल्या घरात, आपल्या गंगाळात, आणि त्याला आपल्या पोरीचं तोंड! हेच काका रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन मोठ्यानं वचनं म्हणायचे, ज्यांत माणूस माणसाला उणा नाही असं सांगितलेलं आहे. ती वचनं मला त्यांच्यामुळंच पाठ झाली. आणि लक्ष्मण मास्तरांसाठी चहाची कानतुटकी कपबशी त्यांच्याच सांगण्यावरून परसातल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली होती. या दोन गोष्टी एका माणसाच्या डोक्यात सुखानं कशा नांदतात, हे मला तेव्हा कळलं नाही. आता वय झालं, पुष्कळ माणसं बघितली, तरी कळलेलं नाही.

त्या वर्षी पाऊस नव्हता. मृग गेला, आर्द्रा गेल्या, श्रावण निम्मा सरला तरी रस्त्यावर उन्हाळ्यासारखी धूळ. सकाळी जाग यायची ती टँकरखाली लागलेल्या घागरींच्या खणखणाटानं. अव्वा ताटं धूत नसे, राखेनं घासून फडक्यानं पुसायची. जेवायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कधी कोरडं पिठलं. पातळ भाजी म्हणजे सणवार. बाजांच्या परीक्षेचं पाणी मात्र तिनं कधी नाकारलं नाही. ते गंगाळ तसंच दिवसेंदिवस ठेवायचं, वर कापड झाकून, आणि फारच गढूळ झालं की परसातल्या बेलाला घालायचं. त्या बेलाची पानं तोडून काका महादेवाला वाहायचे. हे अव्वानं त्यांना कधी सांगितलं नाही, आणि मीही नाही.

त्या उन्हाळ्यात लग्नं फारशी झाली नव्हती. झाली ती सनईवर उरकली. मास्तरांचे सगळे बाजे म्हणून आमच्या शेडमधे आले होते, सवडीनं नीट करून घ्यायला. कॉर्नेटं, सनईसारखं एक लाकडी क्लॅरिनेट, आणि मास्तर ज्याला नुसता भोंगा म्हणायचे तो मोठा बाजा. मांडीवर घेऊन वाजवायचा, वर तोंड केलेला, तीन दट्टे असलेला. दट्टा म्हणजे बोटाखाली दाबायची खुंटी, ती नळीत वरखाली झाली की सूर बदलतो. अण्णांनी उन्हाळाभर खपून सगळा बँड वाजता केला होता. आणि नेमकं तेव्हाच ठरलं की लातूर वेगळा जिल्हा होणार. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिरवणूक काढायचं ठरवलं, काका समितीत, आणि मिरवणुकीच्या पुढं लक्ष्मण मास्तरांचा बँड असं अण्णांनी भावाकडून कबूल करून घेतलं. मास्तरांना त्याचं मोल मोठं होतं. दिवाळीनंतर लग्नं निघाली की पैसेवाले लोक सोलापूरकडून बँड आणायचे. साऱ्या गावानं एकदा यांचा बँड जिल्ह्याच्या मिरवणुकीपुढं वाजताना ऐकला, की निदान काही घरं यांच्याकडं वळली असती. मास्तर म्हणाले होते, “अण्णा, ह्या साली पोरं बँडावर जगली तर जगली. न्हाई तर वीटभट्टीवर.”

म्हणून अण्णा त्या शनिवारी नांदेडला गेले होते. क्लॅरिनेटच्या छिद्रांवरच्या गाद्या फाटल्या होत्या, त्या नांदेडला एका दुकानात मिळतात असं कुणीतरी सांगितलं होतं.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं बोलायचं नाही. अव्वा लग्न होऊन आली त्या दिवसापासून काकांशी थेट एक शब्द बोललेली नव्हती, आणि काकाही तिच्याशी नाही. काही सांगायचं तर मधल्या माणसाला सांगायचं. मधलं माणूस म्हणजे बहुतेक मी. “नंदा, सांग काकांना, चहा झालाय.” “नंदे, सांग तिला, साखर कमी.” दोघं एकमेकांपासून चार हातांवर, दोघांना सगळं ऐकू येतंय, तरी मी ते शब्दाला शब्द पुन्हा म्हणायचं. मी शाळेत असले तर अव्वा मांजराला सांगायची. “मनीबाई, सांग गं, दळण आलं म्हणून.” मांजर अंग चाटत बसायचं आणि काका म्हणायचे, “बरं.”

त्या सकाळी काका म्हणाले, “नंदे, तुझ्या अण्णाला म्हणावं, बाजे घिऊन चाललो. समद्याला कल्हई करून आणतो.”

“बाजांना कल्हई?” मी विचारलं.

“मंग! परेडला पोलिसांचा बँड बघितलाय मी. चांदीवानी चमकत होता. आन आपला हा पिवळा, घागरीवानी. आपला जिल्हा व्हायलाय. जिल्ह्याच्या गावाला शोभंल असं नको का?”

दाराआडून अव्वाचा आवाज आला. “नंदा, सांग काकांना. ह्याचे सांधे डाखाचे हायेत म्हणावं. जाळावर धरलं की डाख वितळतो, बाजा सुटतो.”

मी सांगितलं. काकांनी टोपी काढून आत बघितलं, पुन्हा घातली. “सांग तिला, जल्म गेला म्हणावं भांड्यात. कल्हईनं सुटल्यालं भांडं अजून बघायचंय मला.”

“सांग, भांडं न्हाई हे.”

“सांग, घागरीला बी सांधा असतोच की. त्यो कुठं सुटतो?”

“सांग, घागरीचा सांधा पितळेनंच झाळल्याला असतो, तो जाळाला भीत न्हाई. हा डाखाचा हाय. हे रोज सांगतेत मला, म्हणून ठावं हाय.”

मी सगळं पोचवलं. पुढं कॉलेजच्या वर्कशॉपात मुलांना पहिल्या महिन्यात मी हेच शिकवत आले, आणि जवळजवळ याच शब्दांत: पक्का सांधा कुठला, कच्चा कुठला, कुठल्याला किती ताव सोसतो. आठवी शिकलेली बाई दाराआडून बरोबर सांगत होती. काकांना ते ऐकू येत होतं. फक्त त्याला उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं, कारण रिवाजाप्रमाणं ती त्यांच्याशी बोलतच नव्हती. बोलत होते मी, आणि मी पोर.

“सांग,” अव्वाचा आवाज आता चढला, “हे सांजच्या गाडीनं येतील. तोवर तरी थांबा म्हणावं.”

“सांग, रहीम कल्हईवाला भट्टी पेटवून बसलाय.”

आणि ते उठले. हमालांनी कॉर्नेटं पोत्यात भरली. भोंगा मी मिठी मारून धरला होता. काकांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. “सोड. पोरीच्या जातीनं बाजाला तोंड लावायचं, आन वर आमाला अक्कल शिकवायची.” क्लॅरिनेट लाकडाचं म्हणून तेवढं वाचलं.

मी हातगाड्याच्या मागं पळत गेले. रहीमचाचांची भट्टी बाजाराच्या टोकाला लिंबाखाली होती. भात्याची फस्‌फस्‌, तापल्या पितळेवर टाकलेल्या नवसागराचा पांढरा धूर, डोळ्यात आणि घशात झोंबणारा. चाचांनी पहिलं कॉर्नेट निखाऱ्यांवर फिरवलं, कथलाची कांडी टेकवली, कापसाच्या बोळ्यानं सरसर पुसलं. खरंच चांदी. काकांनी टाळी वाजवली. दुसरी बाजू करायला चाचांनी ते सांडशीत उलटं केलं, आणि सांडशीत फक्त तोंडाचा कर्णा राहिला. बाकी नळ्या कोळशांत पडल्या. काका म्हणाले, “आधीच मोडका असंल. दुसरा घे.” दुसरं घेतलं. तेही सुटलं. माणूस इथं थांबतो. काका थांबले नाहीत, कारण थांबले असते तर दाराआडचा आवाज खरा ठरला असता. सगळी कॉर्नेटं झाल्यावर भोंगा ठेवला. तो भट्टीत मावेना, म्हणून एका अंगानंच तापवला. त्या अंगाचं कथील पातळ होऊन आत ओघळलं आणि दट्ट्यांच्या नळ्यांत जाऊन बसलं. थंड झालं तेव्हा तिन्ही दट्टे दगड. तोवर काका समितीच्या बैठकीला निघून गेले होते. रहीमचाचा कपाळाला हात लावून बसले. “शेट बोले बर्तन है, बेटी. मैं बर्तन समज्या.”

संध्याकाळी अण्णा आले. हातात कागदाची पुडी, गाद्यांची. शेडमधे गेले, पोत्यावर मांडलेले तुकडे बघितले. मी सगळं सांगितलं, कोण काय बोललं त्यासकट. मला वाटलं होतं, आता हा माणूस काकांच्या घरी जाईल. निदान ओरडेल. ते म्हणाले, “नवसागर आत ऱ्हायला तर पितळ खातो. आधी धुवाय पायजे. पाणी किती हाय?” बस्स. एवढंच. अव्वानं प्यायच्या पाण्याची घागर उचलून त्यांच्यापुढं ठेवली, आदळून ठेवली म्हटलं तरी चालेल. वडिलांच्या शांतपणाचं लोक कौतुक करायचे. अजूनही करतात. मला त्या संध्याकाळपासून त्या शांतपणाचा राग आहे, आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आठवडाभर आम्ही तिघांनी काम केलं. अण्णांनी दुकानात ताप आल्याचं कळवलं. नळ्या धुणं, खरवडणं, पुन्हा डाख, पुन्हा गंगाळ, पुन्हा माझं फुंकणं. अव्वा हातात तवा असावा तशी सांडशी धरून उभी राहायची. कॉर्नेटं जमली, अर्धी चांदीची, अर्धी पिवळी, कोड फुटल्यासारखी, पण वाजती. भोंग्याचेही सुटलेले सांधे जमले. दट्टे काही केल्या हलेनात. तापवावं तर शेजारचे सांधे सुटतात, न तापवावं तर कथील सोडत नाही. आणि भोंग्याशिवाय बँड म्हणजे वर नुसता चिवचिवाट, खाली जमीनच नाही.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी शाळेत झेंडावंदन होतं. मी परत आले तर सोप्यात माणसं. लक्ष्मण मास्तर धुतलेल्या शर्टात, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसलेले, मांडीवर भोंगा. अण्णा त्यांच्या शेजारी जमिनीवर. काका खुर्चीवर, आणि समितीतले दोन व्यापारी खाटेवर. मास्तर एकेक दट्टा अंगठ्यानं दाबून बघत होते.

“अण्णा, काय झालं वो ह्ये? ह्यो तर मी चालता दिला होता.”

अण्णांच्या आधी काका बोलले. “मास्तर, आमच्या अण्णाचं काम म्हंजे छंद हाय. लाकडं कातत बसतो, तसंच ह्ये. टाका कच्चा मारला, कल्हईला टिकला न्हाई. आपण काय, चांगलंच करायला गेलो होतो.”

खाटेवरचा एक जण म्हणाला, “जाऊ द्या की. सोलापूरचा बँड बेस्तरवारीच सांगून ठिवलाय आपण.”

गुरुवारीच! आम्ही इथं बोटं भाजून घेत होतो तेव्हा. काकांनी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, पण बोललेलं बोलून झालं होतं. मास्तरांनी ते ऐकलं. पण ते काकांशी वाद घालायला गेले नाहीत. ते अण्णांकडं वळले. “ऱ्हाऊ द्या बँडाचं. मला येवढंच सांगा अण्णा. डाख कच्चा होता का तुमचा? तुमी सांगा, म्हंजी मी मानतो.”

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णा आपल्या अंगठ्यावरचा फोड बघत होते. मग म्हणाले, “असंल मास्तर. मान्साचा हात हाय, चुकतो.”

दाराआड बांगड्या वाजल्या. मला वाटलं, निरोप येणार, मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. अव्वानं मला खांद्याला धरून बाजूला केलं. डोक्यावर पदर नीट होता. सोप्याच्या मधोमध आली आणि काकांकडं तोंड करून उभी राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “डाख कच्चा न्हवता. तुमी जाळावर धरलाव. मी सांगितलं होतं आन तुमाला ऐकू आलं होतं. मास्तरच्या पोटावर पाय दिलाव ते दिलाव. ह्यांच्या हातावर देऊ नका.”

आवाज चढलेला नव्हता. भाकरी वाढताना बोलावं तसा होता. काका उठले, टोपी काढली, झटकली, घातली. आणि ते अण्णांना म्हणाले, “अण्णा, तुझी बायको माझ्याशी बोलली.”

एवढंच. ती काय बोलली, त्यावर अक्षर नाही. पायात चप्पल सरकवताना त्या दोघा व्यापाऱ्यांना पुन्हा म्हणाले, “बघितलाव न्हवं? बोलली.” ते दोघंही खाली मान घालून उठले, जणू त्यांनी बघू नये ते बघितलं होतं.

अण्णा म्हणाले, “आत जा तू.”

“जाते,” अव्वा म्हणाली. “सांगून झालंय माझं.”

मास्तर तिथंच होते. त्यांनी भोंगा भिंतीशी टेकवला, उठले, दाराकडं बघून म्हणाले, “अव्वा, मी ऐकलं.” मग अण्णांना म्हणाले, “ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. दट्टे सुटले की निरोप धाडा.” कॉर्नेटं आणि क्लॅरिनेट घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. मी माळवदावरून बघितली, कारण त्या दिवशी आमच्या घरातून कुणीच खाली गेलं नाही. धूळ उडू नये म्हणून समितीनं रस्त्यावर टँकर शिंपडला होता. ज्या बायांना सकाळी अर्धी घागर मिळाली नव्हती, त्या कडेला उभ्या राहून ओली माती बघत होत्या. पुढं सोलापूरचा बँड, तुऱ्यांच्या टोप्या, चकचकीत. सर्वांत मागं, हातगाड्यांच्याही मागं, लक्ष्मण मास्तर आणि त्यांची माणसं, ढोल, क्लॅरिनेट आणि आमची ती काबरी कॉर्नेटं. पोरं बोट दाखवून हसत होती. आमच्या दारावरून जाताना मास्तरांनी वर बघितलं नाही, पण कॉर्नेट तोंडापासून खाली घेतलं नाही आणि सूर एकदाही गळला नाही. सांधे उत्तम होते. हे मी आज तांत्रिक माणूस म्हणून लिहिते आहे.

त्या दिवाळीनंतरची लग्नं सोलापूरकडंच गेली. बँड मोडला. काही पोरं वीटभट्टीवर गेली, मास्तर बायकोच्या माहेरी बिलोलीला गेले. आमच्या घरी मात्र यातल्या कशाचीच चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती अव्वा बोलली याची. आत्या आल्या, मामा आले, मठातले एक वयोवृद्ध गृहस्थ आले. प्रत्येकानं विचारलं, “बोलली? खरंच? समोरासमोर?” काय बोलली, असं त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. बँड गेला, दहाबारा घरांची चूल गेली, एका माणसाच्या हाताला साऱ्या बाजारात कच्चा म्हणून नाव पडलं, आणि पंचाईत कसली तर एका बाईनं दिराला तोंडानं उत्तर दिलं याची! अण्णा पानसुपारी घेऊन काकांकडं माफी मागायला गेले. अव्वाला चल म्हणाले, ती गेली नाही. येताना ते काकांची अट घेऊन आले: यापुढं घरात बाजा नको. अण्णांनी ती पाळली. पुन्हा पाट, पुन्हा लाटणी. मी चरकाचा पायटा मारायचं सोडून दिलं. त्यांनी बोलावलं नाही, मी गेले नाही.

अव्वानं मात्र एक केलं. त्या दिवसानंतर ती काकांशी थेटच बोलायला लागली. “भावजी, चहा घ्या.” “भावजी, दळण आलंय.” काका बिचकून इकडंतिकडं बघायचे, उत्तर पाठवायला एखादं पोर सापडतंय का म्हणून. मी समोर असले तरी मुद्दाम हलायची नाही. शेवटी ते मांजराकडं बघून म्हणायचे, “बरं.” हे त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत चाललं.

भोंगा अण्णांनी पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवला होता. काकांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “त्यो वाजत न्हाई. मंग बाजा कसला?” माझ्या माहितीत भावाला त्यांनी दिलेलं तेवढंच एक उलट उत्तर. अण्णा गेल्यावर तो माझ्याबरोबर नांदेडला आला. इथं एका कॉलेजच्या वर्कशॉपात मी नोकरी केली, सुट्टीच्या दिवशी घरामागच्या खोलीत लाकूडकाम करते, शाळांच्या बँडचे बाजे दुरुस्त करून देते. फुंकून मीच बघते. माझ्या कामांच्या यादीत काम फार दिवस राहत नाही, हे माझ्या ओळखीचं कुणीही सांगेल.

भोंग्याचा पहिला दट्टा मी सोडवला, दुसराही सोडवला, तेल, धीर आणि थोडा ताव देऊन. तिसरा राहिला आहे. त्याला लागून एक सांधा आहे, अण्णांनी त्या उन्हाळ्यात दिलेल्या मूळ डाखाचा. भट्टीतून तोच एक न सुटता आला. त्यानं काही सिद्ध होत नाही, मला समजतं. जाळापासून लांबच्या अंगाला होता म्हणून वाचला. पण तिसरा दट्टा सोडवायचा तर नेमकी तिथंच ज्योत लावावी लागेल आणि तो सुटेल. मी तो परत देऊ शकते. खरं सांगायचं तर अण्णांपेक्षा सफाईनं देऊ शकते. बिलोलीला मास्तरांचा नातू आहे, कॉर्नेट वाजवतो, भोंगा शोधतोय असं कळलं आहे. त्याचा पत्ता भिंतीवर लावलेला आहे, बर्नर भरलेला आहे. दट्टा अजून बसलेला आहे, आणि मास्तरांनी मागितलेला निरोप अजून गेलेला नाही.